उन्हाळ्यापूर्वीं विजेच्या तारांची तपासणी

खानदेशांत होळी झाली कीं जळगांव-धुळ्याच्या घराघरांतून पत्र्याचे कूलर माळ्यावरून खालीं उतरतात. पत्रा, पाणी आणि २३० व्होल्टांची वीज यांचा हा त्रिवेणी संगम आम्हांस तरी पुण्यप्रद वाटत नाहीं. जुन्या वाड्यांत लांकडी पट्टीवर ठोकलेल्या तारांबरोबर अर्थिंगची तार पुष्कळदां नसतेच. असली, तरी उन्हानें जमीन कोरडी पडली म्हणजे तिचा गुण उणावतो. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी घालीत जावें. फ्यूज तारेस राखतो, मनुष्यास नव्हे. मनुष्यासाठीं ३० मिलिअँपिअर गळती होतांच प्रवाह तोडणारी आरसीसीबी हवी. परवानाधारक वायरमनकडून मेगरनें तारांचें आवरण तपासून घ्यावें. रोध १ मेगोहमहून कमी भरल्यास दोष सांपडेपर्यंत त्यास सोडूं नये. दुकानांतही हेंच. कूलरमध्यें पाणी ओतण्यापूर्वीं प्लग मात्र घरच्यांनींच काढावयाचा आहे. त्यासाठीं वायरमन येणार नाहीं.