विश्लेषण : गेमिंग लॅपटॉप हवा आणि बॅटरीही टिकायला हवी... विद्यार्थ्याला हे दोन्ही मिळू शकते का?

इंजिनीअरिंग प्रवेशाच्या ‘कॅप’ फेऱ्या संपून कॉलेज नक्की झाले, की बहुतेक घरांत पुढचा विषय निघतो तो लॅपटॉपचा. मुलाला किंवा मुलीला गेमिंग लॅपटॉप हवा असतो आणि आईवडिलांचा आक्षेप असतो तो नेमका ‘गेमिंग’ या शब्दाला. फी, वसतिगृह, मेस यांचे गणित जुळवून झाल्यावर आणखी ७० हजार ते १ लाख रुपये बाजूला काढायचे आणि तेही खेळासाठी? त्यावर मुलांचे उत्तर ठरलेले असते, की कॅड, सिम्युलेशन, मशीन लर्निंगसाठी ग्राफिक्स कार्ड लागतेच. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र या वादात एक प्रश्न राहून जातो. हे यंत्र सकाळी वसतिगृहातून भरलेल्या बॅटरीवर निघाले, तर दुपारच्या प्रॅक्टिकलपर्यंत चालू राहील का?

बॅटरी किती मोठी, हे कुठे कळते?

खोक्यावरच्या किंवा जाहिरातीतल्या ‘इतके तास बॅटरी’ या आकड्यावर जाऊ नये. बरेचदा तो कमी प्रकाशमानावर, वाय-फाय बंद ठेवून, लॅपटॉपमध्येच साठवलेला व्हिडीओ सलग चालवून मोजलेला असतो. वर्गात कोणी तसा लॅपटॉप वापरत नाही. पाहायचा आकडा एकच, तो म्हणजे वॅट-अवर. तपशीलपत्रकात आणि बॅटरीवरच्या लेबलवर तो छापलेला असतो. विजेच्या बिलातले ‘युनिट’ म्हणजे १००० वॅट-अवर. म्हणजे ६० वॅट-अवरच्या बॅटरीत साधारण एका युनिटचा सोळावा भाग मावतो.

यातली मेख अशी, की एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या बॅटऱ्या असतात. असुसच्या टफ ए१५ मालिकेत ४८ वॅट-अवरची बॅटरी असलेली मॉडेल्स आली आणि ९० वॅट-अवरचीही. एचपी व्हिक्टस १५ मध्ये ५२.५ आणि ७० असे दोन प्रकार मिळतात. ऑनलाइन सेलमध्ये ‘तोच लॅपटॉप आठ हजारांनी स्वस्त’ दिसतो, तेव्हा फरक अनेकदा इथे दडलेला असतो. त्यामुळे नुसते नाव नव्हे, तर पूर्ण मॉडेल क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बॅटरीचा आकडा पाहावा. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत दुकानदाराला हाच प्रश्न विचारला, तर तो प्रोसेसर आणि रॅम धडाधड सांगेल. बॅटरीसाठी मात्र त्याला खोके फिरवून पाहावे लागेल.

वरची मर्यादाही ठरलेली आहे. विमानात कोणत्याही परवानगीशिवाय सोबत नेता येणारी बॅटरी १०० वॅट-अवरपर्यंतचीच असते; त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची मंजुरी लागते. म्हणून लाखो रुपयांच्या लॅपटॉपमध्येही बॅटरी ९९ च्या आसपास थांबते.

मग मोठी बॅटरी घेतली की झाले?

नाही. बहुतेकांची फसगत इथेच होते. टाकी किती मोठी, इतकेच पाहून चालत नाही. गाडी किती पिते हेही पाहावे लागते. गणित सातवीतले आहे. वॅट-अवरला सरासरी वॅटने भागले, की तास मिळतात. ६० वॅट-अवरची बॅटरी असलेला लॅपटॉप नोट्स, पीडीएफ आणि ब्राउझर चालवताना १० वॅट खात असेल तर सहा तास चालेल. दुसरा लॅपटॉप ९० वॅट-अवरचा आहे, पण त्याच कामाला २५ वॅट घेतो. तो साडेतीन तासांत मान टाकेल. जास्त पैसे मोजलेला आधी बंद पडेल.

हा फरक आधी प्रोसेसरमुळे पडतो. इंटेलच्या नावाअखेरीस ‘एचएक्स’ असलेले प्रोसेसर मुळात डेस्कटॉपच्या घराण्यातले आहेत. जोर भरपूर, पण रिकामे बसले तरी ते वीज खातात. एएमडीच्या रायझन ९ ७९४५एचएक्ससारख्या प्रोसेसरचीही हीच गोष्ट. याउलट रायझन ७ ७८४०एचएस, ८८४५एचएस किंवा इंटेलची ‘कोअर अल्ट्रा’ नावाची एच मालिका लॅपटॉप डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली आहे. हलक्या कामात ते शांत बसतात. मात्र ‘अल्ट्रा’च्या पुढेही एचएक्स असू शकते, म्हणून शेवटची अक्षरे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. विद्यार्थ्याला एचएक्सची गरज क्वचितच पडते. कॅडचे असाइनमेंट त्याच्याविना सहज होते.

ग्राफिक्स कार्ड झोपते का?

गेमिंग लॅपटॉपमध्ये बहुधा दोन ग्राफिक्स असतात. एक प्रोसेसरमध्येच बसवलेले, काटकसरी. दुसरे एनव्हिडियाचे वेगळे कार्ड, ताकदवान आणि खादाड. एनव्हिडियाने २०१० मध्ये आणलेल्या ‘ऑप्टिमस’ तंत्रामुळे साध्या कामात मोठे कार्ड पूर्ण बंद राहते आणि गेम किंवा थ्रीडी सॉफ्टवेअर उघडले की जागे होते. निदान तसे अपेक्षित असते.

पुढे ‘मक्स स्विच’ आला. लहान ग्राफिक्सला वगळून मोठे कार्ड थेट स्क्रीनला जोडायचे, म्हणजे गेममध्ये फ्रेम वाढतात. रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळताना मोड बदलला, लॅपटॉप रीस्टार्ट केला आणि सकाळी तसाच दप्तरात टाकला, की मोठे कार्ड पहिल्या लेक्चरपासून जागे. दहा-बारा वॅट जादा जात राहिले, तरी सहा तासांचे तीन होतात. ‘नवीन लॅपटॉपची बॅटरी खराब निघाली’ अशा तक्रारींमागे कधी कधी एवढेच कारण असते. असुसच्या आर्मरी क्रेटमध्ये ‘इको’ किंवा ‘ऑप्टिमाइज्ड’, लेनोवोच्या व्हँटेजमध्ये ‘हायब्रिड’ असे पर्याय असतात. कॉलेजला निघताना ते लावणे हे चार्जर भरून घेण्याइतकेच सवयीचे व्हायला हवे.

मोड बरोबर असूनही कार्ड जागे राहू शकते. अनेक लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचे पोर्ट थेट मोठ्या कार्डाला जोडलेले असते. सेमिनारसाठी प्रोजेक्टरची केबल लावली, की दोन पानांच्या पीपीटीसाठीही ते उठते. भिंतीवर सजीव वॉलपेपर, पाठीमागे चालू राहिलेला एखादा गेमचा लाँचर, कधी ब्राउझरसुद्धा त्याला झोपू देत नाही. हे ओळखायची सोय एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्येच आहे. त्यातल्या ‘डेस्कटॉप’ मेन्यूतून जीपीयूची हालचाल दाखवणारे छोटे चिन्ह घड्याळाशेजारी आणता येते आणि त्यावर क्लिक केले की कोणते सॉफ्टवेअर कार्ड वापरत आहे ते दिसते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, मग ग्राफिक्स येथे जाऊन त्या सॉफ्टवेअरला ‘पॉवर सेव्हिंग’वर टाकावे.

स्क्रीनचेही थोडे आहे. १४४ किंवा १६५ हर्ट्झचा पडदा वर्गात ६० वर आणला, प्रकाश अर्ध्यावर ठेवला आणि कीबोर्डचे रंगीत दिवे बंद केले, तर काही वॅट वाचतात. ओएलईडी पडदा देखणा असतो, पण पांढऱ्या पानावर दिवसभर टाइप करायचे असेल तर तो बचत करत नाही; बचत काळ्या रंगाला होते.

बॅटरीवर गेम किती वेळ चालतो?

साधारण एक तास, फार तर दीड. यात कुठल्या कंपनीचा दोष नाही, ते भौतिकशास्त्र आहे. आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपमधले कार्ड बनवणाऱ्याच्या मर्जीनुसार ३५ ते ११५ वॅटपर्यंत चालते. त्यात प्रोसेसर, पडदा, पंखे धरले तर पूर्ण जोरात १७० वॅट सहज जातात. ६० वॅट-अवरची बॅटरी त्या वेगाने २१ मिनिटांत रिकामी होईल. शिवाय एवढा प्रवाह सलग देणे तिच्या सेलना परवडत नाही. म्हणून चार्जर काढताच लॅपटॉप स्वतःहून जोर कमी करतो, फ्रेम घसरतात. ‘चार्जरविना गेमिंग’ हा निकष विद्यार्थ्याने यादीतून खोडलेलाच बरा. गेम रात्री, प्लगला लावून. बॅटरी दिवसासाठी.

त्याच ३५ ते ११५ मध्ये खरेदीची आणखी एक युक्ती आहे. दोन लॅपटॉपवर ‘आरटीएक्स ४०६०’ हेच लिहिलेले असले, तरी ६० वॅट मिळणारे आणि ११५ वॅट मिळणारे कार्ड सारखे चालत नाही. ‘टीजीपी’ नावाने हा आकडा तपशीलपत्रकात असतो. खेळाचा जोर हवा तर तो जास्त पाहावा. हलका, कमी तापणारा लॅपटॉप हवा तर मध्यम पुरे.

चार्जरचे ओझे

सव्वादोन किलोचा लॅपटॉप आणि अर्धा-पाऊण किलोची वीट, असे तीन किलो पाठीवर घेऊन लोकलने किंवा पीएमपीने रोज जायचे. दुसऱ्या महिन्यात चार्जर खोलीवरच राहू लागतो. म्हणून यूएसबी-सी पोर्टमधून चार्जिंग होते का, हे बॅटरीइतकेच महत्त्वाचे आहे. होत असेल तर ६५ किंवा १०० वॅटचा मुठीएवढा चार्जर दप्तरात पुरतो. तोच मोबाइललाही चालतो. गेम त्यावर नीट चालणार नाही, पण कोड, नोट्स, रिपोर्ट आरामात. लायब्ररीत चाळीस मुलांमागे चार पॉइंट असतात तिथे अर्ध्या तासाचे चार्जिंगही मोलाचे ठरते. २० हजार एमएएचची पॉवरबँक म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॅट-अवर. रूपांतरात घट धरूनही ती छोट्या गेमिंग लॅपटॉपची बॅटरी जवळजवळ एकदा भरेल. अट एवढीच, की पॉवरबँक ‘पीडी’ पद्धतीने ६५ वॅट किंवा जास्त देणारी हवी.

मात्र स्वस्त गेमिंग लॅपटॉपच्या सगळ्या सी पोर्टना ही सोय नसते. काही फक्त डेटासाठी असतात. दिसायला दोन्ही सारखीच. तपशीलपत्रकात ‘पॉवर डिलिव्हरी’ हे शब्द सापडले नाहीत, तर सोय नाही असे समजून चालावे.

कॅड आणि कोडिंगला गेमिंग लॅपटॉप लागतोच का?

शाखेवर अवलंबून. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला सॉलिडवर्क्स किंवा अ‍ॅन्सिस चालवायचे असेल, आर्किटेक्चरला रेंडरिंग असेल, तर वेगळे कार्ड उपयोगी आहे. मशीन लर्निंगसाठी एनव्हिडियाच्या ‘कुडा’चा फायदा होतो, मात्र पहिली दोन वर्षे गुगल कोलॅबवर मोफत मिळणाऱ्या जीपीयूवर अभ्यास निभावतो. कॉम्प्युटर शाखेत सी, जावा, पायथन, वेब एवढेच करायचे असेल, तर कार्डाशिवायचा हलका लॅपटॉप त्याच पैशांत दुप्पट वेळ चालेल, हे आईवडिलांनी नव्हे तर विद्यार्थ्यानेच स्वतःला विचारावे. गेम खेळायचे आहेत, हे कारणही लपवण्यासारखे नाही. फक्त ते कॅडच्या नावावर खपवू नये. मॅकबुकची बॅटरी या सगळ्यांपेक्षा सरस आहे, पण सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालते आणि व्हॅलोरंट मॅकवर नाही.

बजेट वर जात असेल तर १४ इंची गेमिंग लॅपटॉप हा मधला मार्ग आहे. असुसच्या झेफिरस जी१४ च्या २०२४ च्या मॉडेलमध्ये ७३ वॅट-अवरची बॅटरी दीड किलोच्या देहात बसवलेली आहे. किंमत मात्र सामान्य विद्यार्थ्याच्या हाताबाहेर जाते. लाखाच्या आत राहायचे असेल तर जुळवणी साधारण अशी ठेवावी. एचएक्स नसलेला प्रोसेसर, आरटीएक्स ४०५० किंवा ४०६० च्या तोडीचे कार्ड, १६ जीबी रॅम, किमान ६० आणि शक्यतो ७० वॅट-अवरची बॅटरी, सी पोर्टमधून चार्जिंग. यातली एखादी गोष्ट सोडावीच लागली, तर कार्ड एक पायरी खाली आणावे. रॅम आणि एसएसडी बहुतेक मॉडेलमध्ये नंतर वाढवता येते. बॅटरीची जागा आणि प्रोसेसर बदलता येत नाही.

चार वर्षे टिकेल का?

लिथियम बॅटरीचे दोन शत्रू म्हणजे उष्णता आणि सतत १०० टक्के भरून राहणे. गेमिंग लॅपटॉपला दोन्ही भोगावे लागतात. विदर्भातल्या मे महिन्यात पलंगावर, उशीवर ठेवून, चार्जर लावून तासन्‌तास खेळले तर वर्षा-दीड वर्षात क्षमता जाणवण्याइतकी उतरू शकते. बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. सुट्टीत घरी लॅपटॉप प्लगवरच असतो, तेव्हा ती लावून ठेवावी. कॉलेज सुरू झाले की काढावी. वॉरंटीचा कागदही वाचावा. यंत्राची वॉरंटी पैसे भरून तीन वर्षांची केली, तरी बॅटरीची अनेकदा एकच वर्ष राहते.

आणि खोके उघडल्यावर पहिल्याच दिवशी एक काम करावे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून ‘बॅटरी रिपोर्ट’ काढता येतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि सध्या पूर्ण भरल्यावर मिळणारी क्षमता शेजारीशेजारी दिसते. नव्या लॅपटॉपमध्ये दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. मोठी तफावत असेल किंवा चार्जिंगच्या फेऱ्या आधीच बऱ्याच झालेल्या दिसल्या, तर यंत्र आधी कोणीतरी वापरलेले असण्याची शक्यता असते. रिप्लेसमेंटची मुदत सहसा सात-दहा दिवसांचीच असते, त्यामुळे हा रिपोर्ट सेव्ह करून बिलासोबत ठेवावा. सेकंडहँड घेताना तर विकणाऱ्यासमोर बसून आधी हाच रिपोर्ट काढावा, पैशांचे नंतर बोलावे.