जबड्याच्या आधीचे कवच

पृष्ठवंशी प्राण्यांच्या इतिहासात हाडाचे कवच जबड्याच्या आधी आले. सुमारे ४७ कोटी ते ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात, आधी उथळ समुद्रांत आणि पुढे खाड्यांत व नद्यांत, डोके हाडाच्या ढालीत बंद असलेले आणि जबडा मुळीच नसलेले अनेक प्रकारचे मासे राहत होते. आज जबडा नसलेल्यांपैकी लॅम्प्री आणि हॅगफिश एवढेच उरले आहेत. दोघांचेही अंग उघडे, खवल्यांवाचून, आणि सांगाडा केवळ कूर्चेचा. फक्त त्यांच्याकडे पाहिले तर हाड ही उशिरा आलेली गोष्ट वाटते. जीवाश्मांचा पुरावा नेमका उलटा आहे.

हे मासे आहेत हे कळायलाच वेळ लागला. स्कॉटलंडच्या जुन्या लाल वालुकाश्मात सापडणारी सेफलास्पिसची पसरट, अर्धवर्तुळाकार शिरकवचे आधी ट्रायलोबाइटची समजली गेली. १८३५ मध्ये लुई अगासी यांनी त्यांना माशांत आणून बसवले. टेरास्पिसचे दैव आणखी विचित्र. १८४७ मध्ये रुडॉल्फ क्नेर यांनी त्याला हे नाव दिले, पण त्यांच्या मते ते माकुळाच्या जातीच्या प्राण्याच्या अंगातले कवच होते; आयुर्वेदिक दुकानात मिळणारा समुद्रफेन असतो, त्यातलाच प्रकार. थॉमस हक्सली यांनी १८५८ मध्ये दोन्ही कवचांची सूक्ष्मरचना तपासली, तेव्हा टेरास्पिस मासाच असल्याला बळकटी आली. या माशांना जबडाच नव्हता आणि त्यांची जागा लॅम्प्रीजवळ आहे, हे एडवर्ड कोप यांनी १८८९ मध्ये ठामपणे मांडले. तोवर जबड्याचे हाड अजून सापडायचे आहे, असेच अनेकांनी गृहीत धरले होते.

खरी शरीररचना उलगडली ती स्पिट्सबर्गेन या आर्क्टिक बेटावरच्या डेव्होनियन खडकांतून. स्वीडनचे एरिक स्टेन्शिओ यांनी १९२७ मध्ये तिथल्या सेफलास्पिस कुळावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या माशाचा मेंदू, मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या यांचे तपशीलवार नकाशे होते. मेंदू अर्थातच टिकलेला नव्हता. या गटात, म्हणजे ऑस्टिओस्ट्रॅकन माशांत, डोक्याच्या आतला सांगाडा कूर्चेचा असे. मात्र त्या कूर्चेच्या प्रत्येक पृष्ठभागावर, आतून जाणाऱ्या प्रत्येक नळीच्या भिंतीवरसुद्धा, हाडाचा अतिशय पातळ थर चढत असे. भांडे झिजून जावे आणि कल्हई तेवढी उरावी, तसे झाले. कूर्चा कुजली, पण नळ्यांचे अस्तर जिथल्या तिथे राहिले आणि पोकळ्यांत गाळ भरला.

ते वाचण्याची पद्धत मात्र निर्दय होती. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम सॉलस यांनी रुळवलेल्या तंत्राने जीवाश्म थोडा थोडा घासायचा, उघड्या पडलेल्या छेदाचे चित्र काढायचे, पुन्हा घासायचे आणि शेवटी मेणाच्या पत्र्यांतून ते डोके मोठ्या आकारात उभे करायचे. प्रतिकृती तयार होई, नमुना संपलेला असे. स्टेन्शिओ यांनी सुयांनी खडक टोकरूनही बरेच काम केले.

या अभ्यासातून दिसलेले डोके असे. माथ्यावर, अगदी जवळजवळ, वर पाहणारे दोन डोळे. त्यांच्यामध्ये पिनियल अवयवाचे बारीक छिद्र. त्याच्या पुढे मध्यरेषेवर एकच लांबट फट, जी नाक आणि पीयूषिका ग्रंथी या दोन्हींसाठी सामाईक होती. अंतर्कर्णात अर्धवर्तुळाकार नलिका दोनच. जबडेवाल्या माशांत आणि माणसांत त्या तीन असतात. तोंड व कल्ल्यांची छिद्रे डोक्याच्या खालच्या बाजूला, कल्ले साधारण दहा जोड्या, आणि त्यांच्या मागे हृदयासाठी वेगळा कप्पा. यावरून हा प्राणी तळाशी पोट टेकून राहणारा, गाळातले बारीकसारीक अन्न ओढून घेणारा असावा.

शिरकवचाच्या दोन्ही कडांवर आणि मध्यभागी काही खोलगट पट्टे असतात. त्यांच्यावर लहान लहान तुकड्यांचे झाकण असे आणि अंतर्कर्णाकडून जाड नळ्या कडेच्या पट्ट्यांपर्यंत येत. स्टेन्शिओ यांना ते विजेचे धक्के देणारे अवयव वाटले. मात्र या नळ्या मज्जातंतूंसाठी फारच रुंद आहेत. द्रवाने भरलेल्या असतील तर पाण्यातली कंपने कानापर्यंत पोचवण्यास त्या सोयीच्या ठरतात. ज्ञानेंद्रियाचा हा अर्थ अधिक पटण्याजोगा आहे, तरी आजच्या कोणत्याही माशात असा अवयव नसल्याने पडताळा घ्यायला जागा नाही. कोणती नळी कोणत्या मज्जातंतूची, याबाबतही स्टेन्शिओ यांच्या काही निष्कर्षांवर पुढे दशकानुदशके वाद झाले. फिलिप जान्व्हिए यांनी स्पिट्सबर्गेनच्याच नमुन्यांवरून त्यांची नव्याने मांडणी केली.

एकच नाकपुडी आणि दोनच नलिका पाहून स्टेन्शिओ यांनी या माशांना लॅम्प्रीचे पूर्वज मानले. आज हे नाते स्वीकारले जात नाही. ऑस्टिओस्ट्रॅकनांच्या शिरकवचामागे छातीच्या परांची जोडी आहे, त्यांच्या हाडात पेशींच्या पोकळ्या आहेत आणि डोळ्याभोवतीही हाड आहे. यांतले काहीच लॅम्प्रीत नाही; जबडेवाल्या माशांत आहे. म्हणून हे बिनजबड्याचे मासे लॅम्प्रीपेक्षा शार्कच्या, आणि पर्यायाने माणसाच्या, अधिक जवळचे ठरतात. अशा सर्व कवचधारी बिनजबड्याच्या माशांचे ‘ऑस्ट्रॅकोडर्म’ हे जुने सामाईक नाव त्यामुळे केवळ सोयीपुरते उरले आहे.

टेरास्पिसचा गट, हेटेरोस्ट्रॅकन, अगदी वेगळ्या धर्तीचा. त्यांचे कवच पाठीच्या आणि पोटाच्या मोठ्या पत्र्यांचे असून कल्ले अनेक असले तरी पाणी बाहेर पडायला प्रत्येक बाजूला एकच छिद्र असे. छातीचे पर नाहीत. कवचाला तीन थर: वर दंतद्रव्याचे उंचवटे, मधे पोकळ कप्पे, तळाशी पापुद्र्यांचे हाड, त्या हाडात पेशींचा मागमूस नाही. आतल्या कूर्चेवर अस्थीचे अस्तर नसल्यामुळे इथे मेंदूचा नकाशा मिळत नाही. कवचाच्या आतल्या बाजूला कल्ले, डोळे आणि कर्णनलिका यांचे ठसे तेवढे दिसतात. त्यांच्या तोंडाभोवतीच्या हाडाच्या पट्ट्या चावण्यासाठी होत्या, असे अनेक वर्षे मानले जाई. मार्क पर्नेल यांनी २००२ मध्ये त्या पट्ट्यांच्या टोकांवर बाहेर वळलेले नाजूक दंतक दाखवले. झिजेच्या खुणा नव्हत्या. भक्ष्य खरवडणाऱ्या तोंडात असे घडणे शक्य नाही. पाण्यातले कण टिपणे एवढेच त्यांचे काम असावे.

याहून जुने पुरावे ऑर्डोव्हिसियन काळातले आहेत. ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्स परिसरातल्या वालुकाश्मात अरँडास्पिसचे केवळ ठसे उरले आहेत. बोलिव्हियातल्या सकाबांबास्पिसचे कवच मात्र चांगले टिकले आहे. त्याचे डोळे पार पुढे, डोक्याच्या टोकावर आहेत. हेलसिंकीच्या संग्रहालयातल्या त्याच्या प्रतिकृतीचा भांबावलेला चेहरा समाजमाध्यमांवर गाजला. रचनेच्या दृष्टीने ती गंमत अगदीच निराधार नाही.

जबड्याच्या उगमाच्या प्रश्नाला सर्वांत मोठी मदत चीन आणि व्हिएतनाममध्ये सापडणाऱ्या गॅलिआस्पिड गटाने केली. त्यांच्या काही जातींत कल्ल्यांच्या चाळीसहून अधिक जोड्या होत्या. २०११ मध्ये गै झिकुन व सहकाऱ्यांनी सिल्युरियन काळातल्या शूयू या माशाचे डोके सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी तपासले. या वेळी काही घासावे लागले नाही. शूयूमध्ये नाकाच्या दोन पिशव्या एकमेकींपासून दूर, दोन बाजूंना होत्या आणि पीयूषिकेची नळी त्यांच्यापासून स्वतंत्र होती. लॅम्प्रीच्या भ्रूणात नाक आणि पीयूषिका यांचा एकत्र गठ्ठा मध्यरेषा अडवून बसतो आणि चेहरा घडवणाऱ्या पेशींना पुढे सरकायला वाट राहत नाही. हा अडसर जबडा येण्यापूर्वीच दूर झाला होता, एवढे शूयूने दाखवले. २०२२ मध्ये वर्णन झालेल्या तुजियास्पिसमध्ये या गटाचे धडही मिळाले. त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्यामागून शेपटीकडे जाणारी सलग पराची पट्टी आहे. परांच्या जोड्या अशा अखंड पट्टीतून निघाल्या, या एकोणिसाव्या शतकातल्या कल्पनेला त्यामुळे पुन्हा आधार मिळाला आहे.

डेव्होनियनच्या उत्तरार्धात हे गट विरळ होत गेले. शेवटच्या ऑस्टिओस्ट्रॅकनांपैकी काही कॅनडातल्या मिग्वाशा इथल्या कड्यांत सापडतात. तिथे त्यांच्याबरोबर जबडेवाले कवचधारी मासे आणि मांसल परांचे मासेही आहेत. हेटेरोस्ट्रॅकनांतले मोठ्या आकाराचे सॅमोस्टिड बाल्टिक प्रदेशात साधारण त्याच सुमारापर्यंत टिकले. जबडेवाल्यांच्या स्पर्धेने त्यांना संपवले, हे नेहमीचे स्पष्टीकरण अपुरे आहे, कारण दोन्ही प्रकारचे मासे पाच कोटींहून अधिक वर्षे एकाच काळात नांदत होते.