डेव्हिल मे क्राय मोबाईलवर आला, मग जुने फॅन्स का चिडले?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज हेडफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हा एपिसोडचा लिखित भाग.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. "दादा, डेव्हिल मे क्राय: पीक ऑफ कॉम्बॅट फुकट आहे, दिसायला भारी आहे, मग जुने फॅन्स एवढे रडतात कशाला?" प्रश्न एकदम बरोबर आहे. मीही जुन्या फॅन्सपैकीच एक, त्यामुळे उत्तर द्यायलाच हवं.

आधी थोडी ओळख. डेव्हिल मे क्राय ही कॅपकॉमची सिरीज. पहिला गेम २००१ साली प्लेस्टेशन २ वर आला, पाचवा मार्च २०१९ मध्ये. पीक ऑफ कॉम्बॅट हा कॅपकॉमच्या परवान्याने बनलेला मोबाईल गेम. तो चीनमध्ये २०२१ साली आला आणि बाकी जगात जानेवारी २०२४ मध्ये. डाउनलोड फुकट, पण आत गाचा.

गाचा म्हणजे काय? जपानमध्ये दुकानांबाहेर खेळण्यांची मशीन असतात. नाणं टाकायचं, दांडा फिरवायचा, 'गाचा' असा आवाज येतो, आणि 'पोन' करून एक गोळा खाली पडतो. आत कोणतं खेळणं आहे ते उघडल्यावरच कळतं. आपल्याकडे शाळेबाहेरच्या टपरीवर पुठ्ठ्याला चिकटवलेल्या चिठ्ठ्या असायच्या ना? पैसे द्या, चिठ्ठी फाडा, मोठा फुगा तिथेच लटकलेला आणि आपल्या हातात मात्र नेहमी एक गोळी. तेच हे, फक्त ॲनिमेशन चकाचक.

आता मुद्द्यावर येऊ. गाचा तर शेकडो गेममध्ये आहे. मग इथेच एवढा राग का?

कारण या सिरीजचा जीवच वेगळा आहे. यात राक्षस मारणं पुरेसं नाही, तुम्ही तो कसा मारला यावर गुण मिळतात. स्क्रीनच्या कडेला डी पासून सुरू होऊन एसएसएस पर्यंत ग्रेड चढत जाते. एकच वार परत परत मारलात तर ग्रेड वर सरकत नाही. मार खाल्लात तर धपकन खाली. वेगवेगळे वार, वेगवेगळी हत्यारं, एकही चूक नाही, तेव्हा कुठे तीन एस दिसतात.

त्यात हिरो दांते. तिसऱ्या भागात लढायची एक स्टाईल आधी निवडून मगच आत जायचं होतं. चौथ्या भागापासून लढता लढता बटण दाबून स्टाईल बदलता येऊ लागली. तलवार, बंदूक, चकवा, बचाव, सगळं एकाच माणसात. नवीन हत्यार हवं असेल तर कथा पुढे न्या, बॉसला हरवा, मिळालं. ते वापरता येतं की नाही, हा तुमच्या बोटांचा प्रश्न.

पीक ऑफ कॉम्बॅटमध्ये हाच दांते वेगवेगळ्या कार्डांत वाटला गेला. या हत्याराचा दांते एक कार्ड, त्या हत्याराचा दांते दुसरं कार्ड. व्हर्जिलचंही तसंच. म्हणजे जे आधी सरावाने मिळायचं, ते आता नशिबाने मिळणार. फॅन्सना लागलं ते हे. पैसे मागितले म्हणून कुणी एवढं चिडत नाही, आम्ही पूर्ण किंमत देऊन गेम घेतलेलेच आहेत. पण 'तू किती चांगला खेळतोस' या प्रश्नाच्या जागी 'तुला काय लागलं' हा प्रश्न आला, तर तो गेम डेव्हिल मे क्राय राहतो का?

हे नवीन दुखणं नाही. पाचव्या भागात शक्ती वाढवायला लागणारे रेड ऑर्ब्स खऱ्या पैशांनी विकत घ्यायची सोय होती, तेव्हाही रिलीजच्या आधी आरडाओरडा झाला होता. पण खेळल्यावर कळलं की खेळता खेळताच पुरेसे मिळतात, आणि सगळे शांत झाले. मोबाईलवर तसं म्हणता येत नाही, कारण अख्खा धंदाच ओढण्यावर उभा आहे.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. मोबाईलच्या मानाने लढाई अपेक्षेपेक्षा बरीच चांगली आहे, हे चिडलेल्यांपैकीही अनेकांनी मान्य केलं. आणि ज्याच्याकडे पन्नास हजारांचा कन्सोल नाही, त्याला दांते पहिल्यांदा याच गेममध्ये भेटला असेल. त्याला नावं ठेवायचा मला काही हक्क नाही.

फक्त त्याला थोडं गणित माहीत असावं. समजा एखादं कार्ड मिळायची शक्यता १ टक्का आहे. बहुतेकांना वाटतं, १०० वेळा ओढलं की मिळणारच. नाही! १०० वेळा ओढूनही मिळण्याची शक्यता साधारण ६३ टक्केच. म्हणजे शंभर जणांनी प्रत्येकी शंभर वेळा ओढलं, तर सदतीसएक जण रिकाम्या हाताने परत. २०१६ च्या सुरुवातीला जपानमध्ये ग्रॅनब्लू फँटसी या गेममध्ये एका खेळाडूने एका पात्रासाठी लाइव्ह स्ट्रीमवर सुमारे ७ लाख येन घातले. बोंबाबोंब झाली, आणि मग कंपनीने ३०० वेळा ओढल्यावर हवं ते पात्र घेता येईल अशी मर्यादा आणली. अशा हमीला खेळाडू 'पिटी' म्हणतात. म्हणजे दया. नावातच सगळं आलं.

मी शहाणा म्हणून हे सांगत नाहीये. कॉलेजात असताना दुसऱ्याच एका गाचा गेममध्ये, 'आता लागेलच' म्हणत एका रात्रीत २,४०० रुपये घालवले. खातं आईच्या नंबरला जोडलेलं. सकाळी तिच्या फोनवर बँकेचे आठ मेसेज. ती ओरडली नाही, एवढंच म्हणाली, "मिळालं तरी काय?" मला दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. तो गेम नंतर बंद पडला, कार्डंही गेली.

आणि हे मोठ्या नावांचंही होतं. नियर या ॲक्शन सिरीजचा मोबाईल गाचा, नियर रीइन्कार्नेशन, २०२१ मध्ये आला आणि एप्रिल २०२४ मध्ये सर्व्हर बंद. फॅन्सना त्याची कथा फार आवडली होती. आज ती बघायची तर लोकांनी रेकॉर्ड करून ठेवलेल्या व्हिडिओंवर. उलट २००५ चा डेव्हिल मे क्राय ३ आजही चालतो, आणि तेव्हा बोटांना लागलेली सवय अजून जात नाही. सराव तुमच्याकडे राहतो, कार्ड सर्व्हरबरोबर जातं.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. पीक ऑफ कॉम्बॅट खेळायचा असेल तर जरूर खेळ. पण ओढण्याआधी शक्यतेचा आकडा आणि पिटी किती वेळांनी आहे ते वाच, महिन्याची रक्कम आधीच ठरव, आणि यूपीआयचा पिन टाकायच्या आधी माझ्या आईचा प्रश्न स्वतःला विचार.

तुम्ही गाचामध्ये सगळ्यात जास्त किती घालवलेत? व्हॉइस नोट पाठवा, नाव घेणार नाही. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!