छोटी चपळ मोटार आणि तिचें इंधन

हल्लीं चारठाण्यासारख्या गांवांतही मोटारगाडी ही केवळ श्रीमंतांची वस्तु राहिलेली नाहीं. कापसाचा वा सोयाबीनचा पैसा हातीं आला, अथवा घरांतील एखादा मुलगा पुण्यास नोकरीस लागला, कीं गाडी घेण्याच्या गोष्टी निघतात. त्या गोष्टींत वडील माणसें एकच प्रश्न विचारतात, ‘ॲव्हरेज किती देते?’ आणि मुलें दुसराच विचारतात, ‘पळते किती?’ हे दोन प्रश्न एकमेकांचे वैरी आहेत अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती कितपत खरी आहे, कागदावरील आकडा आणि जिंतूरच्या रस्त्यावरील आकडा यांत अंतर कां पडतें, आणि पंपावर कोणतें इंधन भरावें, याविषयीं विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असें कांहीं सांगण्याचा आमचा विचार आहे. पदार्थविज्ञानाचें जें ज्ञान नववी-दहावीच्या वर्गांत मिळतें, त्याहून अधिक येथें लागणार नाहीं.

प्रथम कागदावरील आकडा कोठून येतो तें पाहूं. पुण्यास वेताळ टेकडीवर ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ नांवाची संस्था आहे. ती १९६६ सालीं स्थापन झाली. जाहिरातींत ‘एआरएआय मायलेज’ म्हणून जो आकडा झळकतो, तो हिच्या नांवानें. ही परीक्षा रस्त्यावर होत नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. गाडी एका दालनांत आणून तिचीं चाकें मोठ्या लोखंडी रुळांवर ठेवितात. चाकें फिरतात, रूळ फिरतात, पण गाडी जागची हालत नाहीं. खऱ्या रस्त्यावर वाऱ्याचा व जमिनीचा जो विरोध झाला असता, तेवढा भार यंत्रानें रुळांवर दिलेला असतो. मग अमुक सेकंदास अमुक वेग, अशा ठरलेल्या कोष्टकाप्रमाणें गाडी चालवितात. ज्या कोष्टकावरून आजवरचे आकडे आले, तें सुमारें २० मिनिटांचें असून त्यांत साडेदहा किलोमीटरांहून किंचित् अधिक अंतर तोडिलें जातें. म्हणजे सरासरी वेग ताशीं ३२ किलोमीटरांच्या आसपास पडतो, आणि कमाल वेग ९० च्या पलीकडे जातच नाहीं. या परीक्षेंत गाडीचें वातानुकूलन बंद असतें. खड्डा नाहीं, घाट नाहीं, उसाच्या ट्रॅक्टरामागें रखडणें नाहीं, मागच्या आसनावर तीन पाहुणे नाहींत.

तर मग हा आकडा खोटा काय? आमच्या मतें तसें म्हणणें अन्यायाचें होईल. वर्गांतील सर्व मुलांस एकच प्रश्नपत्रिका दिली, म्हणजे कोण कोणाच्या पुढें आहे हें कळतें. परंतु त्या गुणांवरून मुलगा बाजारांत हिशेब कसा करील, हें कळत नाहीं. एआरएआयचा आकडा दोन गाड्यांची तुलना करण्यास उत्तम, मात्र घरखर्चाच्या वहींत लिहिण्यास निरुपयोगी.

आतां चपळ गाड्यांकडे वळूं. याचें चांगलें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच घडलें आहे. पुण्याजवळ चाकण येथें फोक्सवॅगन कंपनीचा कारखाना २००९ सालीं सुरू झाला आणि तेथें ‘पोलो’ नांवाची छोटी गाडी तयार होऊं लागली. २०१३ सालीं तिचा ‘जीटी टीएसआय’ हा जोमदार प्रकार निघाला. त्याचें एंजिन १.२ लिटरांचें, शक्ति १०५ अश्वशक्ति, आणि कागदावर लिटरास सुमारें १७.२ किलोमीटर. पुढें २०२० सालीं त्याच गाडींत एकाच लिटराचें तीन सिलिंडरांचें एंजिन आलें. त्याची शक्ति ११० अश्वशक्ति, आणि हातानें गिअर बदलण्याच्या गाडीचा आकडा १८.२४. एंजिन लहान झालें, शक्ति वाढली, आणि पेट्रोलही कमी लागूं लागलें! दोन्ही गाड्यांचे गिअर निराळे होते, तेव्हां सारें श्रेय एंजिनास देतां येणार नाहीं. तरी यांतील मर्म खरें आहे. अशा एंजिनास टर्बोचार्जर असतो, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा एक पंखा एंजिनांत अधिक हवा कोंबतो. चालक सावकाश चालला तर हें एंजिन लहानाप्रमाणें मोजकें खातें; त्यानें पाय दाबला कीं मोठ्याप्रमाणें ओढतें, आणि खातेंही मोठ्याप्रमाणेंच. म्हणूनच टर्बोच्या गाडींत कागद आणि रस्ता यांतील अंतर बहुधा अधिक पडतें. पोलोचें उत्पादन येथें २०२२ सालीं थांबलें, पण जुन्या बाजारांत ती अद्याप तरुणांची लाडकी आहे. तिच्या शेजारीं २०२४ ची मारुति स्विफ्ट ठेवून पाहावी. तिच्यांत टर्बो नाहीं, शक्ति सुमारें ८२ अश्वशक्ति, आणि आकडा २४.८.

आतां खऱ्या रस्त्यावर पेट्रोल जातें कोठें? एक लिटर पेट्रोलांत सुमारें ३२ मेगाजूल ऊर्जा असते. तींतील पाऊण भाग उष्णता, धूर व घर्षण यांतच नाहींसा होतो आणि फार तर पाव भाग, म्हणजे सुमारें ८ मेगाजूल, चाकांपर्यंत पोहोंचतो असें धरूं. या शिलकेवर तीन मागणारे बसलेले असतात: वारा, टायर आणि ब्रेक.

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ८० ऐवजीं १०० नें गेलें तर वेग सव्वापट होतो, पण वाऱ्याचा विरोध दीडपटीहून अधिक. टायरांचा विरोध वेगाबरोबर फारसा वाढत नाहीं; मात्र हवा कमी असली कीं तो वाढतो. टायरांत हवा भरणें हें सर्व उपायांत स्वस्त होय, आणि तेंच आपण लांबणीवर टाकतों.

तिसरा मागणारा ब्रेक. याच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं, म्हणून येथें थोडें थांबूं. एक टन वजनाची गाडी ताशीं ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारें २२ मीटर वेगानें जात आहे. गतिज ऊर्जेचें सूत्र मुलांस पाठ आहे: वस्तुमान गुणिलें वेगाचा वर्ग, भागिलें दोन. उत्तर येतें जवळ जवळ अडीच लाख जूल. चाकांपर्यंत पोहोंचणाऱ्या ८ मेगाजुलांच्या हिशेबानें ही ऊर्जा निर्माण करण्यास सुमारें ३० मिलिलिटर पेट्रोल लागलें. पुढें गतिरोधक दिसला, चालकानें शेवटच्या क्षणीं करकचून ब्रेक दाबला, आणि तें बहुतेक सर्व पेट्रोल ब्रेकच्या तबकड्या तापविण्यांत गेलें. चारठाण्याहून जिंतूरकडे जातांना अशा रीतीनें दहा वेळां वेग मारला व पुन्हां घेतला, तर जवळ जवळ पाव लिटराहून अधिक इंधन केवळ लोखंड तापविण्यांत खर्च होतें. गतिरोधक दुरून ओळखून आधींच पाय उचलला तर याचा बराच भाग वांचतो. चपळ गाडी अधिक पेट्रोल खाते याचें मुख्य कारण एंजिनांत नसून येथें आहे. ती झटकन वेग घेते, म्हणून चालक तो झटकन घेतो; आणि घेतलेला वेग आपल्या रस्त्यांवर फार वेळ टिकत नाहीं.

ओघानें एक सांगून ठेवितों. उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें टाकून सोडण्याची संवय कित्येक अनुभवी चालकांस असते, व तिनें पेट्रोल वांचतें असें ते मानितात. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत त्यास कांहीं अर्थ असेल. हल्लींच्या गाड्यांत गिअर तसाच ठेवून पाय उचलला कीं एंजिनाचें इंधन आपोआप बंद होतें. न्यूट्रलमध्यें मात्र एंजिन जिवंत ठेवण्यासाठीं तें जळत राहतें. शिवाय उतारावर एंजिनाचा आधार सुटतो, तो धोका निराळाच. तसेंच ‘पेट्रोल पहाटे भरावें, थंड असतां अधिक येतें’ हेंही पुष्कळ ठिकाणीं सांगतात. परभणीचें ऊन कितीही कडक असलें तरी पंपाची टाकी जमिनीखालीं असते, आणि तेथील तपमान सकाळ-दुपारांत फारसें बदलत नाहीं. पहाटे उठणें चांगलें, पण या कारणासाठीं नव्हे.

आतां पेट्रोलाच्या निवडीचा प्रश्न. पंपावर ९५, ९७, १०० असे आकडे लिहिलेलीं महाग पेट्रोलें दिसतात. हा आकडा म्हणजे ऑक्टेन संख्या. ती शक्तीचें माप नव्हे. सिलिंडरांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दाबलें जातें तेव्हां तें तापतें, आणि ठिणगी पडल्यावर ज्वाला पोहोंचण्यापूर्वीं त्याचा कांहीं भाग कधीं कधीं आपोआप भडकतो. मग एंजिनांतून खडखड ऐकूं येते. त्यास ‘नॉकिंग’ म्हणतात. हें अकालीं भडकणें पेट्रोल किती सोसतें, याचें माप म्हणजे ऑक्टेन संख्या. ज्या एंजिनांत दाब अधिक, विशेषतः टर्बोच्या, त्यास अधिक ऑक्टेनचा खरा उपयोग होऊं शकतो, कारण त्याचें नियंत्रक यंत्र ठिणगीची वेळ त्याप्रमाणें सुधारून घेतें. साध्या एंजिनास ९१ पुरेसें असेल तर त्यास १०० पाजून नवा जोम येत नाहीं. गाडीच्या पुस्तिकेंत कोणती संख्या सांगितली आहे तें पाहावें, व तेथेंच थांबावें. हिशेब सोपा आहे. महाग पेट्रोल लिटरामागें दहा टक्के अधिक दरानें घेतलें, तर दहा टक्के अधिक किलोमीटर मिळाले पाहिजेत. ते मिळत नसतील तर आपण नुसता आकडा विकत घेतला.

यांत हल्लीं एक नवी गोष्ट शिरली आहे, ती इथेनॉलची. तिला नवी म्हणणेंही पूर्णपणें बरोबर नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल दुर्मिळ झालें तेव्हां आपल्याकडे लोणारी कोळशाच्या गॅसवर बसगाड्या धांवल्या, आणि पेट्रोलांत मद्यार्क मिसळण्यासंबंधीं ‘इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट’ १९४८ सालींच झाला. पुढें तो विचार मागें पडला. आतां देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकीं ८५ टक्क्यांहून अधिक परदेशांतून येतें, त्यामुळें तो पुन्हां पुढें आला. २०२२ सालीं मिश्रण १० टक्क्यांपर्यंत पोहोंचलें, २०२३ च्या फेब्रुवारींत २० टक्क्यांचें ‘ई-२०’ पेट्रोल विक्रीस आलें, आणि २०२५ पर्यंत तें देशभर पसरलें. इथेनॉलचे दोन गुणधर्म ध्यानांत ठेवावे. त्याची ऑक्टेन संख्या १०० हून वर आहे, म्हणून पूर्वींच्या साध्या पेट्रोलाची संख्या किमान ९१ होती ती ई-२० मध्यें किमान ९५ झाली. चपळ गाडीला हें हिताचें. परंतु एक लिटर इथेनॉलांत ऊर्जा सुमारें २१ मेगाजूलच, म्हणजे पेट्रोलाच्या दोन-तृतीयांश. ज्याला त्रैराशिक येतें तो सहज काढील कीं शुद्ध पेट्रोलाच्या मानानें ई-२० मध्यें ऊर्जा सुमारें सात टक्के कमी, आणि १० टक्क्यांच्या मिश्रणाच्या मानानें साडेतीन टक्के कमी. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांतही, जुन्या पद्धतीच्या चारचाकींत सहा ते सात टक्के आणि ई-२० साठीं जुळविलेल्या गाड्यांत एक ते दोन टक्के घट सांगितली आहे. तेव्हां लिटरास २० चे १९ झाले म्हणून कारागिरावर रागावूं नये. आणि निम्मे झाले तर मात्र इथेनॉलाकडे बोट न दाखवितां कारागिराकडेच जावें. एप्रिल २०२३ पूर्वींची गाडी असल्यास रबरी नळ्या व जोड वेळोवेळीं तपासून घेणें शहाणपणाचें.

येथें आमचें मन द्विधा होतें, हें लपवीत नाहीं. ज्या शेतकऱ्याच्या टाकींतून हे किलोमीटर कमी होतात, त्याचाच ऊस किंवा मका इथेनॉल होऊन त्या टाकींत परत येतो. त्याला एका हातानें मिळतें तें दुसऱ्या हातानें थोडें जातें. परंतु ज्याच्याजवळ ऊस नाहीं, मका नाहीं, नुसती जुनी गाडी आहे, त्याचें काय? कमी ऊर्जेचें लिटर त्याच दरानें विकलें जात असेल, तर निदान पंपावर तसें ठळक अक्षरांत लिहिलेलें असावें.

गॅसच्या गाड्यांविषयीं थोडक्यांत. सीएनजीची स्विफ्ट ३२.८५ देते आणि पेट्रोलाची २४.८, हें ऐकून लोक हुरळतात; पण पहिला आकडा किलोस आहे, दुसरा लिटरास. एक किलो गॅसमध्यें एक लिटर पेट्रोलाच्या दीडपट ऊर्जा असते. तेव्हां गॅसची गाडी काटकसरी नव्हे, तिचें इंधन स्वस्त असेल तर ती स्वस्त. शक्ति मात्र ८२ वरून ७० वर येते, आणि डिकींत गॅसची टाकी बसते. गॅसचा पंप किती दूर आहे, हेंही गांवाकडच्या माणसानें आधीं विचारावें. लहान डिझेल गाड्यांचे दिवस तर एप्रिल २०२० च्या धुराविषयींच्या कडक नियमांबरोबर बहुतेक संपले. २०१८ ची डिझेल स्विफ्ट कागदावर लिटरास २८.४ देई.

आपल्या गाडीचा खरा आकडा काढण्यास पुण्याची प्रयोगशाळा नको. टाकी नळी आपोआप बंद होईपर्यंत भरावी व किलोमीटरांचा आकडा टिपून ठेवावा. तीन-चारशें किलोमीटर गेल्यावर त्याच पंपावर तशीच पुन्हां भरावी. ४२० किलोमीटरांत २५ लिटर बसलें तर आकडा १६.८. एका खेपेवर विसंबूं नये. चार-पांच खेपांची सरासरी घ्यावी. घरांतील विद्यार्थ्याकडे ही वही सोंपविली तर त्याचा दशांशाचा अभ्यासही होईल.

या वहींत एक गंमत दिसून येईल. ‘लिटरास किलोमीटर’ हें माप मनाला फसवितें. वर्षाला १२,००० किलोमीटर जाणाऱ्या दोन गाड्या घ्या. पहिली जुनी जीप. तिचा आकडा १२ वरून १४ केला, तर १,००० लिटरांच्या जागीं ८५७ लागतात, म्हणजे १४३ लिटर वांचलें. दुसरी नवी छोटी गाडी. तिचा आकडा २० वरून २२ केला, तर ६०० च्या जागीं ५४५ लागतात, वांचले अवघे ५५. वाढ दोन्हीकडे दोनाचीच. युरोपांत म्हणून ‘शंभर किलोमीटरांस किती लिटर’ असें मोजतात. ज्या घरांत दोन्ही गाड्या आहेत, तेथें नव्या गाडीची जपणूक जितकी होते, त्याहून अधिक लक्ष जुनीच्या टायरांतील हवेकडे पुरविलेलें बरें.