प्रोग्रामिंगचा धडा आणि त्याचे शुद्धिपत्र

कादंबरीत 'दिन'च्या जागी 'दीन' छापले गेले, तर वाचक मनातल्या मनात दुरुस्ती करून पुढे जातो. प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या धड्यात एक कंस जास्त पडला, तर विद्यार्थी तिथेच अडतो. तो नवशिका असल्यामुळे दोष पुस्तकाचा असेल असे त्याच्या मनातही येत नाही. आपल्यालाच हे जमत नाही, अशी तो स्वतःची समजूत करून घेतो. मराठीतून शिकणाऱ्याच्या हाती त्या विषयावरचे एखादेच पुस्तक असेल, तर ताडून पाहायला दुसरा आधारही नसतो. म्हणून अशा धड्याची दुरुस्ती हे केवळ मुद्रितशोधन नव्हे. तो अध्यापनाचाच भाग आहे. तांत्रिक मजकुराचे भाषांतर किंवा संपादन करणाऱ्या भाषेच्या अभ्यासकांनी त्याची रीत समजून घ्यायला हवी.

उदाहरणासाठी पायथन भाषेतील 'टीकेइंटर' हे साधन घेऊ. खिडकी, बटण, मजकूर भरण्याची चौकट अशा दृश्य घटकांचा पडदा, म्हणजे ग्राफिकल यूजर इंटरफेस, तयार करण्यासाठी ते वापरतात. जॉन ऑस्टरहाउट यांनी 'टीसीएल' या भाषेसाठी 'टीके' हा संच तयार केला; पायथनला त्याच्याशी जोडणारा दुवा म्हणजे टीकेइंटर. पुढील उदाहरणांत प्रोग्राममधले शब्द उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. पायथनचे स्वतःचे शब्द प्रत्यक्षात रोमन लिपीतच लिहावे लागतात.

पहिला प्रकार काळाने घडवलेल्या चुकांचा. पायथनची तिसरी आवृत्ती डिसेंबर 2008 मध्ये आली आणि दुसऱ्या आवृत्तीची अधिकृत देखभाल 1 जानेवारी 2020 पासून थांबली. दुसऱ्या आवृत्तीत टीकेइंटरचे नाव मोठ्या 'टी'ने सुरू होत असे, तिसऱ्या आवृत्तीत ते लहान 'टी'ने सुरू होते. जुन्या पुस्तकातील पहिलीच ओळ आज एरर देते, ती एवढ्याशा फरकामुळे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने मराठीत समजावताना हा भेद सांगायचा राहून जाण्याचा धोका अधिक. अशा ठिकाणी 'मूळ लेखक चुकला' असे म्हणणे न्याय्य नाही. लिहिला तेव्हा तो धडा बरोबरच होता. हस्तलिखितांच्या अभ्यासकाप्रमाणे येथे पाठभेद नोंदवावा: कोणत्या आवृत्तीत काय चालते आणि कोणत्या आवृत्तीपासून ते बदलले.

दुसरा प्रकार समजुतीत रुजणाऱ्या चुकांचा. बटण दाबल्यावर काय करायचे हे सांगण्यासाठी 'कमांड' हा पर्याय असतो. समजा, 'जतन' नावाचे फंक्शन आहे. (पायथन 3 मध्ये असे देवनागरी नाव चालते.) धड्यात 'कमांड = जतन()' असे छापले आहे. प्रोग्राम सुरू होतो, एरर येत नाही. पण कोणी बटण दाबण्याआधीच 'जतन झाले' हा संदेश उमटतो आणि नंतर कितीही वेळा बटण दाबले तरी काही होत नाही. बरोबर रूप आहे 'कमांड = जतन'. कंसाशिवाय लिहिलेले नाव म्हणजे कुणाचा तरी फोन नंबर चिठ्ठीवर लिहून देणे. कंस जोडणे म्हणजे त्याच क्षणी फोन लावणे. बटणाला नंबर हवा असतो. फोन आधीच लावून झाला, तर त्याच्या हाती उरते ती फक्त त्या संभाषणाची निष्पत्ती, आणि ती बहुधा 'काहीच नाही' अशी असते. शुद्धिपत्रात 'कंस काढावेत' एवढेच लिहिले, तर हा धडा दुरुस्त होईल; पण पुढच्या प्रोग्राममध्ये विद्यार्थी पुन्हा कंस घालील. कंस का काढायचे, याचे एक वाक्य दुरुस्तीत असायलाच हवे.

तिसऱ्या प्रकारात चूक एका ओळीत असते आणि एरर दुसऱ्याच ओळीवर दिसते. 'चौकट = एन्ट्री(खिडकी).पॅक()' ही ओळ अनेकदा आढळते. 'पॅक' हे चौकट खिडकीत मांडण्याचे काम करते. पण उत्तरादाखल 'नन', म्हणजे काहीच नाही, एवढेच परत देते. त्यामुळे 'चौकट' या नावात चौकट नसतेच. हे उघड होते ते बऱ्याच ओळींनंतर, 'चौकट.गेट()' लिहून भरलेला मजकूर मागितल्यावर. विद्यार्थी त्या शेवटच्या ओळीत दोष शोधत बसतो. दुरुस्ती मात्र मूळ ठिकाणी करायची असते: आधी चौकट तयार करून तिला नाव द्यावे आणि पुढच्या ओळीत ती पॅक करावी.

चौथा प्रकार सर्वांत फसवा. धडा जसाच्या तसा चालतो, पण पुढे नेला की मोडतो. खिडकीत चित्र दाखवण्याचा धडा घ्या. 'फोटोइमेज'ने चित्र उघडायचे आणि लेबलवर लावायचे. चित्र व्यवस्थित दिसते. नंतर विद्यार्थी त्याच ओळी एका फंक्शनमध्ये हलवतो आणि चित्राच्या जागी रिकामी पाटी उरते. एररही येत नाही. कारण असे: फंक्शनचे काम संपताच त्यातली तात्पुरती नावे संपतात आणि ज्या वस्तूला कोणतेच नाव धरून नाही, ती पायथन स्मृतीतून काढून टाकते. केवळ लेबलवर लावल्याने चित्र टिकत नाही. ते टिकवण्यासाठी 'लेबल.इमेज = चित्र' अशी एक ओळ जोडण्याची रूढ रीत आहे. मूळ धड्यातील एकही अक्षर चुकीचे नव्हते. एक सूचना राहून गेली होती. शुद्धिपत्राने अशा उणिवेचीही दखल घ्यायला हवी.

पाचव्या प्रकारात प्रोग्राम निर्दोष असतो, स्पष्टीकरण चुकलेले असते. 'मेनलूप ही ओळ खिडकी दाखवते' हे वाक्य पाहा. ते अर्धेच खरे आहे. मेनलूप सतत जागे राहून माउस, कळफलक, खिडकीची हालचाल अशा घटनांची वाट पाहते आणि प्रत्येकीला उत्तर देते. हे न कळलेला विद्यार्थी पाच सेकंद थांबण्यासाठी 'स्लीप(5)' लिहितो आणि सगळी खिडकी गोठते, कारण त्या पाच सेकंदांत घटनांना उत्तर देणारे कोणी नसते. मेनलूपचा अर्थ नीट सांगितला असता, तर येथे 'आफ्टर(5000, …)' का वापरायचे, म्हणजे 'पाच हजार मिलिसेकंदांनी मला आठवण कर' असे सांगून मोकळे का व्हायचे, हे त्याला आपोआप उमगले असते.

यावरून दुरुस्तीची रीत ठरते. दुरुस्त केलेला प्रोग्राम स्वतः चालवून पाहिल्याखेरीज शुद्धिपत्रात घालू नये. तो कोणत्या आवृत्तीवर चालवला, तेही नोंदवावे. प्रत्येक नोंदीत मूळ ओळ, दिसणारे लक्षण, कारण आणि शुद्ध ओळ या चार गोष्टी असाव्यात. लक्षण महत्त्वाचे, कारण विद्यार्थ्याला चूक ठाऊक नसते. त्याला फक्त 'चित्र दिसत नाही' एवढेच ठाऊक असते. बदल शक्य तितका लहान असावा. दुरुस्तीच्या निमित्ताने सगळा प्रोग्राम आपल्या शैलीत लिहून काढला, तर चूक नेमकी कुठे होती हे विद्यार्थ्याला कधीच कळत नाही.

अशा शुद्धिपत्रात लेखकाला कमीपणा नाही. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी आपल्या ग्रंथांतील चूक प्रथम दाखवणाऱ्याला 2.56 डॉलरचे बक्षीस ठेवले आणि दुरुस्त्यांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. आपल्याकडे एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो ग्रंथाविषयीच्या आदरातूनच. एकनाथांना मूळ ग्रंथकर्त्याला विचारण्याची सोय नव्हती. प्रोग्रामच्या संपादकाजवळ यंत्र हा साक्षीदार हजर असतो. मात्र या साक्षीदाराची साक्ष मर्यादित आहे. प्रोग्राम चालतो की नाही, एवढेच ते सांगते. भोवतालचे मराठी वाक्य खरे आहे का, नवशिक्याला ते कळेल का, याविषयी ते काही बोलत नाही. ती तपासणी भाषा जाणणाऱ्यालाच करावी लागते, आणि त्यासाठी त्याने एकदा तरी तो धडा विद्यार्थ्याच्या जागी बसून, ओळ न ओळ टंकून पाहिला पाहिजे.