कवळी लावूनही स्टेक खाता येतो



मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. एडिनबरातल्या सॉल्सबरी रोडच्या सिनेगॉगमध्ये शब्बाथच्या सकाळी सगळे उभे राहिले आणि मला बाकाला धरल्याशिवाय उठता येईना. गुडघे दुखत नव्हते. मांड्यांत ताकदच उरली नव्हती. कवळी बसवल्यापासून मी मांस सोडले होते. सूप, पाव आणि चहा-बिस्किटे यांवर दिवस निघत होता. वर्षभरात सहा किलो वजन उतरले आणि मी बारीक झाले म्हणून खुशीत होते!

डॉक्टरांनी समजावले, की वयाबरोबर स्नायू झिजतात. म्हणून उतारवयात दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

मग मुलीने मला ग्रिल्ड स्टेक सॅलड शिकवले. आमचे कोशर मांस मँचेस्टरहून येते. याकोबाच्या मांडीच्या शिरेमुळे इथे कोशर बीफ पुढच्या भागाचेच मिळते, म्हणून आम्ही रिब-आय घेतो. माणशी १०० ग्रॅम कच्चे मांस पुरे. भाजल्यावर ते ७० ग्रॅमच्या आसपास भरते आणि त्यातून वीसेक ग्रॅम प्रथिने मिळतात. इथली सरकारी आरोग्यसेवाही लाल मांस दिवसाला सरासरी ७० ग्रॅमपर्यंतच ठेवा, असे सांगते. आम्ही हे आठवड्यातून एकदाच करतो. बाकीचे दिवस मासे, अंडी, डाळी आहेतच.

फ्रीझरमधला तुकडा आदल्या रात्री फ्रिजमध्ये खाली काढून ठेवा. सकाळी पुसून कोरडा करा; आले-लसूण, मिरपूड आणि चमचाभर तेल चोळा. मीठ अजिबात नको. कोशर मांस अर्धा तास भिजवून, तासभर मिठात ठेवून, तीनदा धुतलेले असते. त्यात खारटपणा राहतोच, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांना रक्तदाब आहे.

इथल्या ओव्हनमध्ये वरून आच देणारे ग्रिल असते. ते दहा मिनिटे तापवा. बोटभर जाडीचा तुकडा दोन्ही बाजूंनी चार-पाच मिनिटे भाजा. तो आत लालबुंद राहू देऊ नका, आणि करपलेला भाग कापून टाका. मग पाच मिनिटे झाकून ठेवा, म्हणजे रस आत मुरतो.

आता कवळीची युक्ती. मांसाचे धागे कोणत्या दिशेने जातात ते पाहा आणि सुरी त्यांना आडवी चालवून कागदासारखे पातळ काप करा. धागे तुटले की चावायला कष्ट पडत नाहीत.

लेट्यूसची पाने मिठाच्या पाण्यात बुडवून, धुऊन, उजेडात धरून किडे तपासा. त्यावर काकडी, टोमॅटो, उकडलेले बीट आणि कोथिंबीर घाला. मांसाबरोबर दही-चीज चालत नाही, म्हणून आपल्या आजीची रीत वापरा: दोन चमचे नारळाचे दूध, लिंबू, जिरेपूड. लिंबामुळे लोह अंगी लागते. चहा मात्र तासाभराने घ्या. चहामुळे लोह वाया जाते. वॉरफरिनची गोळी चालू असेल, तर हिरव्या पाल्याचे प्रमाण दर आठवड्याला सारखेच ठेवा.

भारतातल्या वाचकांनी असेच कोंबडीच्या छातीचे सॅलड करावे. पण कोंबडी आतपर्यंत पूर्ण शिजली पाहिजे.

नुसते खाऊन मात्र भागत नाही. मी रोज खुर्चीतून दहा वेळा उठते-बसते. सुरुवातीला हातांचा आधार घेत असे. गेल्या शब्बाथला बाकाला हात न लावता उभी राहिले. शेजारच्या बाईंनी नुसते हसून पाहिले. त्यांच्याही लक्षात आले होते.

तब्येतीला जपा.