तोल राखणारा लहान मेंदू

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढणारी वृद्ध माउली आम्ही जुन्नरकरांनीं पुष्कळदां पाहिली आहे. एका हातीं पूजेचें तबक, दुसऱ्या हातीं नातू, आणि तोंडानें गोष्टी चाललेल्या! पाऊल कोठें टाकावें याचा विचार ती करीत नाहीं; ती काळजी तिचा लहान मेंदू वाहत असतो.

वैद्यकाच्या परिभाषेंत यास अनुमस्तिष्क असें नांव आहे. डोक्याच्या मागील भागीं, मोठ्या मेंदूच्या खालीं व मस्तिष्कस्तंभाच्या पाठीशीं याचें स्थान. वजन अवघें दीडशें ग्रॅमच्या आसपास, म्हणजे संपूर्ण मेंदूच्या दशांशाइतकें, परंतु इ. स. २००९ मध्यें ब्राझीलमधील संशोधकांनीं प्रसिद्ध केलेल्या गणनेनुसार मेंदूंतील सुमारें ८६ अब्ज चेतापेशींपैकीं ६९ अब्ज एवढ्याशा जागेंत सामावल्या आहेत.

मग हा करतो काय? हालचालीची आज्ञा मोठा मेंदू देतो. अवयव प्रत्यक्षांत कसे हलत आहेत, याची वार्ता स्नायूंकडून, सांध्यांकडून व कानांतील तोलाच्या इंद्रियाकडून लहान मेंदूस पोंचते. आज्ञा व वार्ता ताडून पाहून तो चूक तत्काळ सुधारतो. कित्ता गिरविणाऱ्या मुलाचें अक्षर आरंभीं वांकडें येतें आणि सरावानें वळणदार होतें, त्यांत या सुधारकाचा मोठा वांटा आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्लूरान्स यानें १८२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कबुतरांचा लहान मेंदू काढून पाहिला. पक्षी हालचाल करीत, पण तींत मेळ उरला नव्हता.

माणसाचेंही तसेंच होतें. शक्ति राहते, ताल जातो. पाय फांकवून झोंकांड्या खात चालणें, वस्तु उचलतांना हात थरथरणें व नेमका न पडणें, बोलणें तुटक होणें, हीं त्याचीं लक्षणें. उजवा भाग बिघडला तर उजवेच हातपाय चुकतात. रक्तपुरवठा थांबणें, रक्तस्राव, गांठ, मार, उष्माघात, वर्षानुवर्षांचें मद्यपान अशीं कारणें अनेक. मद्याचा अंमल या भागावरही होतो, म्हणूनच रोगी आणि मद्यपी यांत गल्लत होते.

आमच्या घरींच ती झाली. घोडेगांवचे आमचे एक वडीलधारे आप्त पहाटे उठतांच कोसळले, वांत्या झाल्या, जीभ जड झाली. जन्मांत मद्याला न शिवलेल्या त्या गृहस्थाविषयीं शेजारीं कुजबूज झाली. आम्ही घरच्यांनीं पित्त समजून सुंठसाखर दिली व निजविलें. लज्जेपायीं कोणास बोलाविलें नाहीं. मंचर ओलांडून पुणें गांठेपर्यंत सायंकाळ झाली. लहान मेंदूंतील रक्तवाहिनी गुठळीनें बंद झाली होती.

ही चूक दुसऱ्या कोणीं करूं नये, एवढ्याचसाठीं हा लेख. अकस्मात् उभें राहतां येईना, भोंवळीसह वांति होऊं लागली, जीभ अडखळली किंवा एकाचे दोन दिसूं लागले, तर रोग्यास तोंडावाटें कांहीं देऊं नये. १०८ क्रमांकास दूरध्वनि करावा आणि मेंदूचें सीटी स्कॅन करण्याची सोय असलेलें रुग्णालय गांठावें. गुठळी विरघळविणारें औषध योग्य रोग्यास साधारण साडेचार तासांच्या आंतच देतात. पुढें सूज येऊन मस्तिष्कस्तंभ दाबला गेल्यास प्राणावर बेततें.

आमचे आप्त वांचले. आज ते नातवाशेजारीं बसून पाटीवर पुन्हां 'श्री' गिरवितात. नातवाचें अक्षर लवकर सुधारलें. त्यांचें हळूहळू सुधारत आहे.